साडेआठांचं कुलूप

"ही तार कुणी घातली?"

आतोबांनी हे विचारलं खरं, पण विचारताना माझ्याकडे बघितलं नाही. त्यावरूनच मी ओळखलं की त्यांना कळलंय.

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. चार नंबरच्या लेथचं इलेक्ट्रिक पॅनेल उघडं होतं आणि आत दोन स्क्रूंच्या मध्ये बोटभर पिवळी तार होती. फिरता तुकडा धरून ठेवणाऱ्या चकचं प्रेशर उतरलं की मशीन थांबवणारा एक स्विच असतो, त्याला बगल देऊन ती गेली होती. प्रेशर असो नसो, मशीनला वाटणार सगळं आलबेल आहे.

ती तार मी घातली होती, आदल्या दिवशी दुपारी. मशीन दर अर्ध्या तासाला लाल दिवा लावून थांबायचं. शनिवारपर्यंत पाइप जोडायचे चारशे फ्लँज द्यायचे होते आणि गुरुवार उजाडला तरी दीडशेही झाले नव्हते.

"काय माहीत," मी म्हणाले. "दुसऱ्या पाळीवाल्यांनी घातली असेल."

"असेल," आतोबा म्हणाले. त्यांनी तार काढली, तिची गुंडाळी केली आणि खिशात टाकली.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. एकतीस वर्षं या कारखान्यात मेंटेनन्स फिटर. पण त्यांना नावाने हाक मारणारं तिथे कुणी नव्हतं, सगळे त्यांना 'साडेआठ' म्हणायचे. डाव्या हाताची करंगळी मुळापासून गेलेली आणि तिच्या शेजारचं बोट अर्धं. दहातून दीड वजा करा. दुसऱ्या कुणी हे नाव मनाला लावून घेतलं असतं. यांनी स्वतःच्या कुलपावर खिळ्याने '८॥' कोरून घेतलं होतं. वर म्हणायचे, "खोटं थोडंच आहे? मोजून घ्या."

ती बोटं पॉवर चकमध्येच गेली होती. साध्या लेथवर चकला किल्ली घालून हाताने जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, आवळावा लागतो. पॉवर चकला तो त्रास नाही. पायाने पेडल दाबलं की मागचा हायड्रॉलिक सिलिंडर दांडा ओढतो आणि चकचे तिन्ही जॉ, म्हणजे जबडे, जॉबला धरतात. डोळ्याचं पातं लवेपर्यंत काम झालेलं असतं. इतकं सोपं की आपल्या पायाखाली काय आहे हेच माणूस विसरतो.

"स्टोअरमधून मीटरची पेटी आण," आतोबा म्हणाले.

"आतोबा, आता नको ना. आधीच उशीर झालाय."

"आण गं. दोन मिनिटांचं काम."

पकड मोजायचं ते मीटर लाल पेटीत असायचं आणि पेटीवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ असायची. आतोबांनी ते जॉबच्या जागी तिन्ही जॉच्या मध्ये धरलं, हात बाहेर काढला, दोन्ही हात वर करून मला दाखवले आणि मग म्हणाले, "दाब." ही त्यांची पद्धत. समोरच्याचे दोन्ही हात दिसल्याशिवाय पेडलवर पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी पेडल दाबलं.

"किती आले?"

"अडतीस," मी वाचलं.

"हवेत किती?"

"नव्वद." हे मला पाठ होतं, त्यांनीच शिकवलेलं. "पण आतोबा, गेज बघा ना. फुल दाखवतंय."

"गेज प्रेशर दाखवतं बाई, पकड नाही दाखवत. आणि तेसुद्धा मधेच मान टाकतंय, बघ. म्हणून तर तो स्विच बोंबलत होता." त्यांनी चकवर हात फिरवला. "ग्रीस कधी मारलंस शेवटचं?"

ग्रीस प्रत्येक पाळीला मारायचं असतं. मी अकरा दिवसांत मारलं नव्हतं. पाच मिनिटं जातात त्यात, आणि पाच मिनिटांत एक फ्लँज होतो.

"हे उंच जॉ कुठून आले?"

"साहेबांनी बाहेरून करून आणलेत. मोठ्या फ्लँजसाठी."

"आणि फिरवतेस कितीला?"

"मिनिटाला अठराशे फेरे."

आतोबांनी चष्मा काढला. रागावले की ते चष्मा काढतात, म्हणजे समोरचा माणूस धूसर दिसतो आणि बोलायला सोपं जातं, असं आत्या सांगते.

"चक फिरायला लागला की हे तिन्ही जॉ बाहेर पळायला बघतात. जितके उंच, जितके जड, तितकी ओढ जास्त. पकड तेवढी ढिली. उभ्या मशीनला अडतीस, मग अठराशेला काय उरत असेल? आणि जॉब केवढ्याचा?"

"नऊ किलो."

"आणि तू उभी कुठे असतेस?"

मी दरवाजाच्या काचेसमोर उभी असते. काच माझ्या छातीच्या उंचीला आहे. हे मला सांगायची गरज नव्हती, त्यांना ऐकायचीही नव्हती.

त्यांनी मशीनचा मुख्य स्विच खाली ओढला, त्यात सहा भोकांचा लोखंडी आकडा अडकवला आणि पहिल्या भोकात आपलं कुलूप घातलं. टक्.

मला इतका संताप आला की काय सांगू. चार वर्षं मी सहा-सहा महिन्यांच्या चिठ्ठीवर काम करत होते. दर सहा महिन्यांनी घरी बसायचं, आठवडाभराने बोलावणं येतं की नाही याकडे डोळे लावायचे. आता कुठे कायम करायची माझी फाइल साहेबांच्या टेबलावर पोचली होती. "शनिवारी चारशे दे, सोमवारी सही घे," असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. आणि माझ्याच घरचा माणूस माझ्या मशीनला कुलूप घालून हात पुसत उभा होता.

"माझी फाइल अडकलीये त्यात, माहितीये ना तुम्हाला?"

"माहितीये."

"मग?"

"मग काय? फाइल पुढे जाईल आणि सही करायला बोटं नसतील. मला विचार."

त्यांनी एक रिकामं क्रेट उलटं करून मशीनला टेकवलं आणि त्यावर ते बसले, बस यायला अवकाश आहे अशा थाटात.

आठ वाजता नवे साहेब आले. दीड वर्ष झालं होतं, तरी सगळे त्यांना नवेच म्हणायचे. मागून सुपरवायझर आला. त्याला आम्ही 'होयबा' म्हणतो. माणूस वाईट नाही, पण साहेबांनी भर उन्हात पाऊस आहे म्हटलं तर हा छत्री शोधायला जाईल.

"काय चाललंय?"

"काही नाही चाललेलं, साहेब. बंद आहे," आतोबा बसल्या बसल्या म्हणाले.

"काल संध्याकाळपर्यंत चाललं ना मशीन? मग आज काय झालं?"

"आज मी बघितलं."

त्यांनी एकेक सांगितलं. पकड अडतीस. चकमध्ये मळ बसलाय, उतरवून साफ करावा लागेल. हायड्रॉलिकचा फिल्टर तुंबलाय. उंच जॉ वापरायचे तर अकराशेच्या वर फिरवायचं नाही. आणि खिशातून ती पिवळी तार काढून साहेबांच्या पुढे धरली.

"ही स्विचला घातलेली होती."

"कुणी घातली?"

मी हातातलं मीटर पेटीत ठेवायला लागले.

"कुणी घातली ते विचारू नका, साहेब," आतोबा म्हणाले. "का घालावी लागली ते विचारा."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. नेमके हे शब्द नव्हेत, पण हेच वाक्य. मी मशीनला टेकले.

साहेबांचा आवाज चढला. "तुमचे पाच महिने राहिलेत. नीट जा ना घरी."

"नीटच जायचंय, म्हणून तर घातलंय कुलूप."

"काढा ते."

आतोबांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे लाल अक्षरांत पाटी होती: ज्याचं कुलूप, तोच उघडेल. मागच्या वर्षी बाहेरून तपासणीला माणसं आली तेव्हा साहेबांनीच ती लावून घेतली होती आणि तिच्याखाली उभं राहून फोटोही काढला होता.

"मी काढणार. मशीन दुरुस्त करतो आणि काढतो. दुपारपर्यंत द्या."

"दुपारपर्यंत पन्नास फ्लँज जातील! कापा रे ते कुलूप."

"कापता येतं," आतोबा शांतपणे म्हणाले. "फॉर्म आहे त्याचा. मशीन मी स्वतः तपासलं, चालवायला सुरक्षित आहे, असं लिहून खाली सही. तोही तुम्हीच आणलाय."

होयबा धावत जाऊन फॉर्म आणि कटर घेऊन आला. साहेबांनी पेन काढून त्याच्याच पुढे धरलं. "करा सही."

"हो," होयबा म्हणाला. मग त्याने फॉर्म बघितला, चक बघितला, स्वतःचे बूट बघितले. "हो, म्हणजे... चष्मा घरी राहिला साहेब आज."

एव्हाना तीन नंबर आणि पाच नंबरची मशीनही थांबली होती. माणसं हात पुसायचं निमित्त करून उभी होती. साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"तू चालवतेस ना हे मशीन? तू कर सही. तुझी फाइल आजच पुढे पाठवतो. संध्याकाळच्या आत."

पेन माझ्या हातात आलं. साहेबांचं पेन, जड, गार. मी आतोबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी चष्मा पुन्हा घातला होता आणि ते चककडे बघत होते. 'नको करू' म्हणाले असते तर मी भांडले असते. 'कर' म्हणाले असते तर कदाचित केली असती. ते काहीच म्हणाले नाहीत.

आणि मला माझे बाबा आठवले.

बाबाही याच कारखान्यात होते. शेवटचं आजारपण होतं त्यांचं, तेव्हा एका दुपारी मला जवळ बसवून म्हणाले, "पाय माझा होता." मला आधी समजेना. मग त्यांनी सांगितलं. आतोबा जॉब बसवत होते, हात जॉच्या मध्ये होता आणि बाबा वळताना त्यांचा पाय पेडलवर पडला. चौकशी झाली. आतोबा हाताला बँडेज बांधून चौकशीला उभे राहिले आणि म्हणाले, कुणाचा पाय पडला ते विचारू नका, पेडलला झाकण का नव्हतं ते विचारा. महिन्याभरात सगळ्या पेडलना झाकणं बसली. बाबांची नोकरी राहिली. त्याच नोकरीवर मी शिकले.

पण बाबांनी पुढे वीस वर्षं कुणासमोर कधी म्हटलं नाही की पाय माझा होता. आत्याकडे गेलो की ते आतोबांच्या उजव्या बाजूला बसायचे, म्हणजे डावा हात दिसायला नको. मला वाटायचं, बाबांची ती आवडती खुर्ची आहे. बाबा वाईट नव्हते. भित्रे होते. मला त्यांचा राग येतो आणि त्यांची आठवणही येते, दोन्ही एकाच वेळी.

त्यांच्या त्या खुर्चीत मला बसायचं नव्हतं.

"साहेब," मी म्हणाले. माझा आवाज मोठा निघाला. "तार मी घातली."

आतोबांनी मान झटकन वर केली. "ए पोरी, गप बस."

"मी नाही गप बसणार. काल दुपारी मी घातली. शनिवारपर्यंत चारशे हवे होते म्हणून घातली. ग्रीसही अकरा दिवस मारलं नाही. आणि हे मशीन चालवायला सुरक्षित नाहीये, ते मला ठाऊक आहे, कारण त्याच्यासमोर मी उभी असते. मी सही करणार नाही."

मी पेन होयबाच्या हातात दिलं. माझं कुलूप माझ्या कपाटात होतं, चार वर्षांत एकदाही न वापरलेलं, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. ते आणलं आणि लोखंडी आकड्याच्या दुसऱ्या भोकात घातलं. टक्.

"आता दोन कापावी लागतील," मी म्हणाले.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ते काही बोलणार एवढ्यात पाच नंबरवाल्याने जागेवरूनच विचारलं, "साहेब, आमचीपण पकड मोजून घेऊ का?" त्याने ते अगदी भोळेपणाने विचारलं. साहेबांनी घड्याळ बघितलं, "एक वाजेपर्यंत," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

मग आम्ही कामाला लागलो. चकला कडीचा आयबोल्ट लावला, पट्टा घातला आणि होइस्टने उचलून खाली घेतला. "पाठ काय दुकानात मिळत नाही," आतोबा म्हणाले. चक खोलला तर आत करड्या रंगाचा चिखल. बिडाची भुकटी आणि कूलंटचं पाणी यांचा लगदा. त्यातून ते जॉ सरकत होते हेच नवल. मी खाली बसून एकेक खोबण ब्रशने घासून काढली. आतोबा फिल्टर बदलत होते.

"कशाला बोललीस?" शेवटी ते म्हणाले. "मी निभावलं असतं."

"बाबांचंही निभावलंत ना?"

त्यांचा हात थांबला. "त्याने सांगितलं तुला?"

"शेवटी."

"मग झालं तर," आतोबा म्हणाले. "सांगितलं ना. बास." आणि त्यांनी पुन्हा फिल्टरला हात घातला. पण पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी एकच नट तीनदा आवळला.

साडेबाराला चक परत चढला. बोल्ट टॉर्क पान्याने, समोरासमोरचे, क्रमाने. डायल लावून, डगमगत नाही ना ते फिरवून बघितलं. ग्रीस. मग आधी त्यांनी कुलूप काढलं, नंतर मी. मीटर लावलं, आतोबांनी दोन्ही हात वर करून दाखवले आणि मी पेडल दाबलं. एक्क्याण्णव.

"आता खरी परीक्षा," ते म्हणाले. मीटर काढून जॉब पकडला, दार लावलं. मग त्यांनी मुद्दाम प्रेशर उतरवलं आणि मला स्टार्टचं बटण दाबायला सांगितलं. मी दाबलं. मशीन हललं नाही. लाल दिवा लागला. मी पुन्हा दाबलं. पुन्हा लाल.

"नाही म्हणतंय," आतोबा खुशीत म्हणाले. "शाबास." हे मला नव्हतं, मशीनला होतं.

मग प्रेशर पुन्हा चढवलं आणि पांढऱ्या रंगाने, हाताएवढ्या अक्षरांत त्यांनी दरवाजावर लिहिलं: ११००.

पाळी सुटताना दोन कागद आले. आतोबांचा निलंबनाचा, चौकशी पूर्ण होईपर्यंत. ती चौकशी पाच महिन्यांत पूर्ण होणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. माझा कागद म्हणजे माझीच फाइल, परत आलेली, आणि तिला टाचलेली आणखी सहा महिन्यांची चिठ्ठी. मला काढून टाकलं नाही, कारण पहिल्या पाळीत चार नंबर चालवायला दुसरं कुणी मिळेना.

आतोबांनी ओळखपत्र दिलं, पाने मोजून दिले, कपाट रिकामं केलं. मला रडू येत होतं, पण सगळ्यांसमोर रडायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि ते जमलं. जाताना ते चार नंबरपाशी आले. खिशातून कुलूप काढलं. ते कंपनीचं नव्हतं, त्यांनी स्वतः विकत घेतलेलं होतं. त्यांनी ते उघडंच, मशीनच्या मुख्य स्विचशेजारच्या खिळ्याला अडकवलं.

"आणि चावी?" मी विचारलं.

"चावी माझ्याकडे."

"मग ह्याचा काय उपयोग?"

"उघडंय ना. दाबायला चावी लागत नाही," ते म्हणाले. डबा उचलला आणि गेले.

तीन आठवडे ते कुलूप खिळ्यावर उघडं होतं. मी रोज पाळीला आले की ग्रीस मारायची, मीटर लावायची आणि मग त्या कुलपाकडे एकदा बघायची. चौथ्या सोमवारी पॅनेल उघडलं तर आत तार होती. या वेळी लाल. दरवाजावरचं ११०० कुणीतरी थिनरने पुसलं होतं आणि मशीनवर गती टाकली होती अठराशे.

मी मुख्य स्विच खाली ओढला, आकडा अडकवला, खिळ्यावरचं कुलूप काढून पहिल्या भोकात घातलं आणि दाबलं. टक्.

साहेब आले. त्यांनी '८॥' वाचलं आणि त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली. "चावी कुठाय?"

"आतोबांकडे."

"तो माणूस निलंबित आहे!"

"हो ना. म्हणजे घरीच असतील. गाडी पाठवा."

फॉर्म आला, कटर आला. साहेबांनी होयबापुढे पेन धरलं. होयबाचा चष्मा त्या दिवशी त्याच्या नाकावर होता. त्याने फॉर्म नीट, शेवटपर्यंत वाचला. माझ्या चार वर्षांत मी त्याच्या तोंडून न ऐकलेला शब्द तो बोलला.

"नाही."

अकरा वाजता गाडी गेली. पुढचं मला वॉचमनने सांगितलं. आतोबा गाडीतून उतरले ते इस्त्रीचा शर्ट घालून, हातात डबा घेऊन. एकतीस वर्षं ज्याला ते रोज मान डोलावून आत जायचे, त्या वॉचमनलाच नियमाप्रमाणे त्यांच्यापुढे पाहुण्यांचा पास धरावा लागला. त्याला लाज वाटली. तरी विचारावं लागतं म्हणून त्याने विचारलं, "कुणाला भेटायचंय?"

"चार नंबरला," आतोबा म्हणाले, आणि डाव्या हाताच्या साडेतीन बोटांनी त्यांनी तो पास खिशाला सरळ लावून घेतला.